नानशून: रेशमाच्या पैशातून उभं राहिलेलं पाण्यातलं गाव

आज आपण चीनमधल्या नानशून या गावाबद्दल बोलणार आहोत. हे गाव झेजियांग प्रांतात, ताई सरोवराच्या दक्षिणेला आहे. शांघायहून शंभर-सव्वाशे किलोमीटर. या पट्ट्यात अशी बरीच गावं आहेत, जिथे घराचं पुढचं दार रस्त्यावर उघडतं आणि मागच्या दाराच्या पायऱ्या थेट कालव्यात उतरतात. कामानिमित्त शांघायला होतो, तेव्हा सुट्टीचे दोन दिवस मी इथे घालवले.

कमानीचे दगडी पूल, पांढऱ्या भिंती, काळी कौलं हे सगळं अपेक्षित होतं. पण झांग शिमिंग यांच्या वाड्यात शिरलो आणि थबकलो. बाहेरून अगदी चिनी दिसणारी भिंत. एकामागून एक चौक ओलांडत गेलं की अचानक लाल विटांची युरोपियन इमारत आणि नाचासाठी बांधलेलं दालन! वाडा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. मग प्रश्न पडला, एवढ्याशा गावात हा पैसा आला कुठून?

उत्तर आहे रेशीम. गावाजवळ जिली नावाचं खेडं आहे. तिथलं कच्चं रेशीम बारीक, पांढरंशुभ्र आणि मजबूत म्हणून प्रसिद्ध होतं. युरोपातले व्यापारी त्याला ‘त्सातली’ म्हणायचे. तो ‘जिली’चाच अपभ्रंश. इथले शेतकरी तळी खणायचे, त्या गाळाच्या बांधावर तुती लावायचे, तुतीचा पाला रेशीमकिड्यांना, किड्यांची विष्ठा तळ्यातल्या माशांना आणि तळ्यातला गाळ परत तुतीला. काहीच वाया नाही! 2017 मध्ये या पद्धतीला जागतिक कृषी वारशाचा दर्जा मिळाला.

पहिल्या अफू युद्धात चीन हरला आणि 1843 मध्ये शांघाय बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं. नानशून आधीपासूनच कालव्यांनी शांघायशी जोडलेलं. जवळचं बंदर उघडल्याबरोबर रेशमाचे गठ्ठे होड्यांतून थेट तिकडे जाऊ लागले. 1851 च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनात याच परिसरातल्या रेशमाला पारितोषिक मिळालं.

इथे आपला मुंबईचाही धागा आहे, आणि तो फारसा अभिमानाचा नाही. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची आणि त्या व्यापारावर मुंबईतल्या कित्येक पेढ्या मोठ्या झाल्या. उलट दिशेने चिनी रेशीम मुंबईत उतरायचं आणि तिथून आपल्याकडच्या विणकरांपर्यंत पोचायचं.

नानशूनचे व्यापारी या साखळीतले मधले दुवे. खेड्यातून माल घ्यायचा, शांघायच्या परदेशी कंपन्यांना विकायचा. त्यातून इतकी श्रीमंती आली, की लोक संपत्तीच्या आकारावरून घराण्यांना प्राण्यांची नावं द्यायचे: चार हत्ती, आठ बैल, बहात्तर कुत्रे.

या पैशाचं पुढे काय झालं, ते फार रंजक आहे. एका ‘हत्ती’ घराण्यातले झांग जिंगज्यांग पॅरिसमध्ये व्यापार करायचे. बोटीच्या प्रवासात त्यांची सुन यत-सेन यांच्याशी भेट झाली. सांगतात, की त्यांनी सुन यांना एक सांकेतिक यादी दिली. तारेत फक्त ‘ए’ लिहा, दहा हजार पाठवतो. ‘बी’ म्हणजे वीस हजार, असं ‘ई’पर्यंत, म्हणजे पन्नास हजार. एका अक्षरात क्रांतीसाठी पैशांची मागणी! मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, पण इतका आटोपशीर कोड मला आजवर जमलेला नाही.

दुसऱ्या ‘हत्ती’ घराण्यातल्या लिऊ चंगगान यांनी पुस्तकांवर पैसा उधळला. राजवट कोसळल्यावर जुन्या घराण्यांचे ग्रंथसंग्रह विकले जात होते, ते यांनी विकत घेतले आणि 1924 मध्ये ‘जियायेतांग’ हे ग्रंथालय पूर्ण केलं. दुर्मिळ ग्रंथ पुन्हा छापून घेतले. लेखक लू शून यांनी त्यांना गमतीने ‘वेडा शेठपुत्र’ म्हटलं होतं. 1951 मध्ये लिऊंनी ग्रंथालय झेजियांगच्या सार्वजनिक ग्रंथालयाला देऊन टाकलं.

मग रेशमाचं काय बिघडलं? दर्जा घसरला, असं आपण पटकन म्हणू. पण माझ्या मते खरी अडचण एकसारखेपणाची होती. जिलीचं रेशीम घरोघरी हाताने काढलेलं, त्यामुळे प्रत्येक घराच्या धाग्याची जाडी थोडी वेगळी. हातमागाला ते चालायचं. अमेरिकेतल्या यंत्रमागांना मात्र हजारो वार एकाच जाडीचा धागा हवा होता. जपानच्या वाफेवरच्या कारखान्यांनी तो दिला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस जपान निर्यातीत पुढे गेला. पुढे कृत्रिम रेशीम आलं, जागतिक मंदी आली आणि 1937 मध्ये जपानी सैन्यही आलं.

त्याआधीच, 1909 पर्यंत, शांघायहून नानजिंग आणि हांगचौकडे रेल्वे सुरू झाली होती. दोन्ही मार्गांनी नानशूनला वगळलं. भांडवलही शांघायला गेलं. गाव मागे पडलं, म्हणूनच टिकलं. भरभराट चालू राहिली असती, तर कालवे बुजवून तिथे रस्ते झाले असते. 2014 मध्ये महाकालव्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात नानशूनही आहे.

एक गोष्ट मात्र खटकत राहिली. वाड्यांच्या मालकांची नावं पाटीवर आहेत. ज्या बायकांनी रात्र-रात्र जागून किडे जोपासले, उकळत्या पाण्यात बोटं घालून कोशाचं टोक शोधलं, त्यांच्यापैकी एकीचंही नाव मला तिथे दिसलं नाही. बॉलरूमच्या फरशीचे पैसे त्याच बोटांमधून आले होते. तुम्ही कधी तिकडे गेलात, तर वाडे बघाच, पण बाहेरच्या तुतीच्या बांधांवरूनही एक चक्कर मारून या.

आज इथेच थांबतो. काही विचारायचं असेल तर नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू!