डॉक्टर दूर, रुग्ण गावात

विकसनशील देशांत रुग्ण आणि तज्ज्ञ डॉक्टर यांच्यातले अंतर नुसते किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही. बुडालेली मजुरी, गाडीभाडे, सोबत येणाऱ्याचा मोडलेला दिवस हे सारे त्यात धरावे लागते. हे अंतर कमी करण्याची भारतातली खटपट आता पाव शतकाची झाली आहे. २००० साली आंध्र प्रदेशातल्या अरगोंडा गावचे छोटे रुग्णालय चेन्नईतल्या तज्ज्ञांशी जोडले गेले. पाठोपाठ इस्रोने उपग्रहामार्फत दूरची रुग्णालये मोठ्या रुग्णालयांशी जोडायला घेतली. ‘टेलिमेडिसिन’ म्हणजे दुरून वैद्यकीय सल्ला, हा त्यामुळे आपल्याही अनुभवाचा विषय आहे, आणि त्याचा अभिमान वाटावा असे बरेच काही त्यात आहे.

या विषयाच्या नव्या वाचकांनी सुरुवात यंत्रांपासून करू नये, असे मला सुचवावेसे वाटते. आधी रुग्णाशेजारी कोण बसले आहे ते पाहावे. तमिळनाडूतल्या अरविंद नेत्र रुग्णालयाची दृष्टिकेंद्रे त्यासाठी उत्तम. तिथे प्रशिक्षित तंत्रज्ञ स्लिट लॅम्पवर डोळे तपासतात, नोंदी आणि छायाचित्रे पाठवतात. मुख्य रुग्णालयातले डॉक्टर ती पाहून व्हिडिओवर रुग्णाशी बोलतात. चष्म्याने भागणाऱ्याचे काम तिथेच होते. शस्त्रक्रिया लागणाऱ्यालाच पुढे जावे लागते. तपासणाऱ्या हाताला सराव नसेल, तर दूरच्या डॉक्टरांना दिसणार तरी काय?

२०१९ पासूनच्या ‘ई-संजीवनी’ या सरकारी दूरसल्ला सेवेतही आरोग्य उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी हीच जागा सांभाळतात. सल्ल्यांच्या मोठ्या आकड्यांनी तुम्ही भारावून जाल. पण लिहून दिलेले औषध त्या उपकेंद्रात मिळाले का, हेही जरूर विचारा. दूरवरून पोट चाचपता येत नाही, ही मर्यादाही ध्यानात असू द्या. मार्च २०२० ची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे अवश्य वाचावीत. कोणते औषध व्हिडिओवर बोलूनच द्यावे आणि कोणते दुरून मुळीच देऊ नये, हे त्यांत स्पष्ट आहे.

मनाच्या आजारांत मात्र हे अंतर कधी कधी पथ्यावरही पडते. मानसोपचाराच्या दाराशी कोणी पाहील या धास्तीने जो माणूस तिकडे फिरकतच नाही, तो ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर घरबसल्या, आपल्या भाषेत बोलू शकतो.