उत्पादनचक्र आणि समभागमूल्य : किर्लोस्करवाडी व सातारा येथील दोन कंपन्यांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

तंत्रज्ञानात अग्रेसर असलेल्या कंपनीचे समभागमूल्य तिच्या प्रमुख उत्पादनाबरोबर चढते आणि त्याच्याबरोबरच उतरते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत लेखात सांगली व सातारा जिल्ह्यांतील दोन कंपन्यांच्या आधारे हा समज तपासण्यात आला आहे.

किर्लोस्करवाडी : उत्पादन बदलणारी कंपनी

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार झाला. औंध संस्थानाच्या आश्रयाने १९१० मध्ये कारखाना कुंडलच्या माळावर आला आणि १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. म्हणजेच भागधारकांनी पैसा गुंतविला तो नांगराच्या यशावर. पुढे मात्र कंपनीची ओळख पंपांनी घडविली. १९४६ मध्ये तेलइंजिनांसाठी पुण्यात, तर विद्युत यंत्रांसाठी बंगलोरला स्वतंत्र कंपन्या स्थापन झाल्या. येथे नांगराचे चक्र मंदावण्यापूर्वीच पुढील उत्पादनाची तयारी झालेली दिसते.

सातारा : उत्पादन संपूनही टिकलेला समभाग

१९७५ मध्ये बजाज ऑटो (२४ टक्के) आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ (२७ टक्के) यांच्या भागीदारीत महाराष्ट्र स्कूटर्स स्थापन झाली. परवाना पद्धतीच्या काळात ग्राहकाला स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. साताऱ्याच्या 'प्रिया'ला मागणीची चिंता नव्हती. १९९१ नंतर स्पर्धा वाढली, ग्राहक मोटारसायकलीकडे वळला आणि साताऱ्यातील स्कूटरचे उत्पादन थांबले. समभाग मात्र बुडाला नाही. कारण कंपनीजवळ बजाज समूहातील समभाग होते. त्यांचे मूल्य वाढत गेले. महामंडळाच्या हिश्शाचे मूल्य किती, हा वाद लवादापुढे गेला. २००६ च्या निवाड्यात प्रतिभाग १५१.६३ रुपये मूल्य ठरले. वाद पुढे न्यायालयांत चालून २०१९ मध्ये तो हिस्सा बजाज समूहाकडे गेला. तेव्हा त्याच समभागाचा बाजारभाव हजारो रुपयांत होता. अमेरिकेतील याहूची कथा अशीच आहे. तिचा मूळ व्यवसाय २०१७ मध्ये व्हेरायझनने घेतला. मागे उरलेल्या कंपनीचे मूल्य प्रामुख्याने अलिबाबाच्या समभागांत होते.

निष्कर्ष

किर्लोस्करवाडीत कंपनीने मिळकत नव्या यंत्रांत गुंतविली, त्यामुळे कारखाना व वसाहत दोन्ही टिकली. साताऱ्यात समभाग वाढला, पण स्कूटर बनविणाऱ्या हातांना त्या वाढीत वाटा नव्हता. यावरून समभागमूल्य हे उत्पादनाचे नव्हे, तर उत्पादनातून आलेला पैसा कोठे ठेवला गेला याचे निदर्शक ठरते. म्हणूनच प्रादेशिक औद्योगिक इतिहास लिहिताना केवळ बाजारभावावरून उद्योगाच्या भरभराटीचे अनुमान काढणे योग्य होणार नाही. सार्वजनिक महामंडळांनीही आपल्या हिश्शाचे मूल्यांकन करताना उत्पादनाइतकेच कंपनीच्या गुंतवणुकीकडे लक्ष देणे अगत्याचे आहे.