जॉन पील यांचा रात्रीचा कार्यक्रम

बीबीसीच्या रेडिओ १ या केंद्रावरून १९६७ ते २००४ या काळात प्रसारित झालेला संगीताचा कार्यक्रम. निवेदक जॉन पील (मूळ नाव जॉन रॉबर्ट पार्कर रेव्हन्सक्रॉफ्ट, १९३९–२००४). कार्यक्रमाचे नाव, वार आणि वेळ पुष्कळदा बदलली. दीर्घकाळ तो रात्री दहा ते बारा लागे, आणि ब्रिटनमधल्या अनेकांच्या मनात त्याची तीच वेळ पक्की बसली आहे.

त्याचे मूळ समुद्रात आहे. रेडिओ लंडन हे विनापरवाना केंद्र जहाजावरून चाले. १९६७ मध्ये पील त्यावर मध्यरात्रीनंतर ‘द परफ्युम्ड गार्डन’ सादर करीत आणि श्रोत्यांनी पाठवलेली पत्रे नि कविता वाचून दाखवीत. ऑगस्टमध्ये नव्या कायद्यामुळे केंद्र बंद पडले. सप्टेंबरअखेर रेडिओ १ सुरू झाला आणि पील तिथे आले.

‘पील सेशन्स’ हे कार्यक्रमाचे सर्वांत प्रसिद्ध सदर निघाले ते एका अडचणीतून. वादकांची संघटना आणि ध्वनिमुद्रिका कंपन्या यांच्याशी झालेल्या करारांमुळे बीबीसीला दिवसाकाठी ठरावीक तासच तबकड्या वाजवता येत. उरलेल्या वेळासाठी वादकांना स्टुडिओत बोलवावे लागे. नवखा बँड बहुधा लंडनच्या मेडा व्हेल स्टुडिओत जाई आणि एका दिवसात चारेक गाणी मुद्रित करून परते. अशी ४,००० हून अधिक सेशन्स झाली. त्यांतली २४ एकट्या ‘द फॉल’ या बँडची. उत्तरकाळात पील यांच्या पत्नी शीला जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांतून एक निवडीत. शीला यांच्या ‘पिग’ या लाडक्या नावावरून ते सदर ‘पिग्ज बिग ७८’ म्हणून चाले.

या कार्यक्रमात ऐकणारा आणि गाणारा यांच्यात फारसे अंतर नव्हते, आणि त्याचे मोठेपण माझ्या मते इथेच आहे. आज पत्र लिहिणारा उद्या स्वतःची कॅसेट पाठवी. उत्तर आयर्लंडमधल्या डेरीच्या ‘द अंडरटोन्स’ या अनोळखी पोरांचे ‘टीनेज किक्स’ सप्टेंबर १९७८ मध्ये पील यांनी लागोपाठ दोनदा वाजवले. १९८३ मध्ये आपल्याला मशरूम बिर्याणी खावीशी वाटते, असे ते रेडिओवर बोलून गेले. बिली ब्रॅग या तरुण गायकाने ते ऐकले आणि बिर्याणी व आपली तबकडी घेऊन तो थेट बीबीसीच्या दारात हजर झाला. पील यांनी गाणे लावले, पण ४५ फेऱ्यांची तबकडी ३३ वर! अशी चूक त्यांच्याकडून नेहमी होई, आणि श्रोत्यांना ती घरच्या माणसाच्या सवयीसारखी ओळखीची होती.

श्रोत्यांचा खरा अधिकार दिसे तो ‘फेस्टिव्ह फिफ्टी’त. १९७६ पासून वर्षअखेरीस श्रोते आवडती तीन गाणी कळवीत आणि त्या मतांवरून पन्नास गाण्यांची उतरंड लागे. पहिल्या वर्षी लेड झेपेलिनचे ‘स्टेअरवे टू हेवन’ अव्वल ठरले. दोनच वर्षांत ती जागा सेक्स पिस्टल्स या पंक बँडच्या ‘अनार्की इन द यूके’ने घेतली. पंकची लाट किती वेगाने आली, हे कोणत्याही समीक्षेपेक्षा या दोन याद्यांतून स्पष्ट कळते. पुढे तीच ती गाणी वर राहू लागली, म्हणून १९८२ मध्ये त्या वर्षाच्या गाण्यांची वेगळी यादी निघाली आणि नंतर तीच प्रथा झाली. १९९१ ची यादी तर वेळेवर लागलीच नाही. १९९३ मध्ये ती एकेक गाणे करून ऐकवली गेली.

पील वर्षभर रेगे, आफ्रिकी संगीत, हिप-हॉप वाजवीत. श्रोत्यांची मते मात्र बहुतांशी गिटार बँडना पडत. याची त्यांना खंत होती आणि ती ते बोलूनही दाखवीत. तरी मतांनी आलेला क्रम तसाच वाजे.

२५ ऑक्टोबर २००४ रोजी पेरू देशातील कुस्को येथे पील यांचे निधन झाले. त्या डिसेंबरातही श्रोत्यांच्या मतांची यादी रेडिओ १ वर लागली. पुढे डँडेलियन रेडिओ या इंटरनेट केंद्राने ती परंपरा चालवली. हे नाव पील यांनी १९६९ मध्ये काढलेल्या ध्वनिमुद्रिका कंपनीचे आहे.