ग्रहणाची वेळ आणि न सापडलेला सोबती

ग्रहणाच्या दिवशी पंचांगातील स्पर्शाची घटका आणि आकाशात प्रत्यक्ष दिसणारा स्पर्श ताडून पाहण्याचा प्रघात आपल्याकडे जुना आहे. या दोहोंत अंतर पडू लागले, म्हणूनच एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी सूक्ष्म गणिताचे पंचांग सिद्ध केले. ते पुढे पटवर्धनी पंचांग म्हणून प्रसिद्धीस आले. गणिताने दृक्प्रत्ययास उतरले पाहिजे, हा त्यामागील आग्रह. याच कसोटीचा एक दूरचा इतिहास आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ग्रहणे केवळ सूर्यचंद्रांनाच लागतात असे नाही. एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांची कक्षा आपल्या दृष्टिरेषेत आली, म्हणजे एक तारा दुसऱ्यास झाकतो. इंग्लंडातील यॉर्क येथील जॉन गुडरिक या कर्णबधिर तरुणाने १७८३ साली अल्गोल ताऱ्याच्या मंदावण्याचे हे कारण सुचविले. त्या वेळी तो अवघा अठरा वर्षांचा होता.

अशाच एका जोडीचा शोध नेल्सन व यंग या ज्योतिर्विदांनी १९७० साली प्रसिद्ध केला. 'व्ही ४७१ टॉरी' हे तिचे नाव. ती वृषभ राशीत, कृत्तिकांच्या दक्षिणेस आहे. नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. तिच्यातील एक तारा नारिंगी, सूर्याहून किंचित लहान. दुसरा श्वेत बटू, म्हणजे इंधन संपून आकसलेला, जवळजवळ पृथ्वीएवढ्या आकाराचा परंतु अतिशय तप्त असा ताऱ्याचा अवशेष. दर साडेबारा तासांनी नारिंगी तारा या बटूस झाकून टाकतो. बटू इतका लहान, की तो मिनिटभरातच पुरता लपतो. त्यामुळे ग्रहणाची वेळ काही सेकंदांपर्यंत निश्चित करता येते आणि हे युग्म आकाशातील घड्याळच बनते.

परंतु हे घड्याळ चुकू लागले. वर्षानुवर्षांच्या नोंदी जुळविता ग्रहणे कधी दोन-अडीच मिनिटे लवकर, कधी तितकीच उशिरा होताना आढळली. यावर एक सुंदर उपपत्ती निघाली. तिसरे एखादे अदृश्य ज्योत या जोडीस ओढीत असेल, तर जोडी आपल्यापासून जरा दूर जाईल आणि पुन्हा जवळ येईल. मग प्रकाशास पोहोचण्यास कमीअधिक वेळ लागेल. रोमरने १६७६ साली गुरूच्या उपग्रहाच्या ग्रहणांवरून प्रकाशास गती आहे हे दाखविले, तोच हा न्याय. २००१ साली गिनान व रिबास यांनी गणित मांडले, की सुमारे तीस वर्षांत प्रदक्षिणा करणारा एक तपकिरी बटू, म्हणजे तारा होऊ न शकलेला वायुगोल, तेथे असावा.

अशा गणिताचा विजयही इतिहासात आहे आणि पराभवही. युरेनसच्या गतीतील विसंगतीवरून लव्हेरिएने सांगितलेला नेपच्यून १८४६ साली बर्लिन येथे दुर्बिणीतून दिसला. त्याच लव्हेरिएने १८५९ साली बुधाच्या विसंगतीसाठी 'व्हल्कन' नावाच्या ग्रहाची कल्पना पुरस्कारिली. तो कधीच सापडला नाही. बुधाचे कोडे १९१५ साली आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या नव्या उपपत्तीने सुटले.

वृषभेतील जोडीचे काय झाले? चिली देशातील पारानाल येथील महादुर्बिणीवर 'स्फिअर' हे नवे यंत्र बसल्यावर त्या अदृश्य सोबत्यास पाहण्याचा यत्न झाला. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, की गणिताने सांगितलेल्या जागी तपकिरी बटू नाही! तेव्हा दृष्टी वळली ॲपलगेट यांनी १९९२ साली मांडलेल्या विचाराकडे. नारिंगी ताऱ्याच्या चुंबकीय उलाढालींनी त्याचा आकार किंचित पालटतो, त्यासरशी त्याचे आकर्षण पालटते आणि प्रदक्षिणाकाळही कमीजास्त होतो. मात्र इतक्या फेरफारास लागणारी शक्ती ताऱ्याजवळ आहे काय, याविषयी विद्वानांत वाद आहे.

आमच्या मते या कथेचे मर्म पराभवात नाही. नोंदींशी चोख जुळणारी उपपत्ती हाताशी असतानाही ज्योतिर्विदांनी ती सत्य म्हणून मिरविली नाही. आकाशास पुन्हा विचारले, आणि उत्तर प्रतिकूल आले तरी ते स्वीकारले. छत्र्यांच्या काळी आपल्या वडीलधाऱ्यांपुढे हाच प्रसंग होता. पंचांग पवित्र खरेच. परंतु ज्या आकाशावरून ते रचिले, त्याच्याशी प्रामाणिक राहण्यातच त्याचे पावित्र्य आहे.