ब्लॅकमेल (२०१८ चित्रपट)

ब्लॅकमेल हा ६ एप्रिल २०१८ रोजी प्रदर्शित झालेला, गुन्हेगारी कथानकावर बेतलेला हिंदी ब्लॅक कॉमेडी चित्रपट आहे. अभिनेते रमेश देव व सीमा देव यांचे पुत्र अभिनय देव हे त्याचे दिग्दर्शक असून इरफान खान, कीर्ती कुल्हारी, अरुणोदय सिंग, दिव्या दत्ता आणि अनुजा साठे यांच्या त्यात भूमिका आहेत.

कथानक

टॉयलेट पेपर विकणाऱ्या कंपनीतील नोकरदार देव याला पत्नी रीनाचे विवाहबाह्य संबंध समजतात. तो तिचा प्रियकर रणजित याच्याकडे निनावीपणे पैसे मागतो. पेचात सापडलेला रणजित तीच युक्ती रीनावर वापरतो, रीना पैशांसाठी देवकडेच येते आणि उकळलेली रक्कम अखेर त्याच्याच खिशातून जाऊ लागते.

समीक्षकांचा प्रतिसाद

चित्रपटाला संमिश्र प्रतिसाद मिळाला. पैशांच्या या चक्राकार प्रवासाची कल्पना आणि इरफान यांचा संयत, जवळजवळ निर्विकार अभिनय यांची प्रशंसा झाली. दिव्या दत्ता यांचीही दखल घेतली गेली. आक्षेप मुख्यतः उत्तरार्धावर होते. धमकावणाऱ्यांची संख्या वाढत जाते तशी पटकथेवरील पकड सुटते, सव्वादोन तासांहून अधिक लांबी जाणवते, असे अनेकांचे मत पडले. दिग्दर्शकाच्या डेल्ली बेली (२०११) या चित्रपटाशी तुलना होणे अटळच होते व ती ब्लॅकमेलला फारशी लाभली नाही.

प्रदर्शनापूर्वी, मार्च २०१८ मध्ये, इरफान यांनी आपल्याला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर झाल्याचे जाहीर केले होते. उपचारांमुळे ते प्रसिद्धी कार्यक्रमांत सहभागी होऊ शकले नाहीत.