दुसरा डोळा

लुई ब्रेलची गोष्ट आपण शाळेत शिकलो. 1812 साली फ्रान्समधल्या कूव्रे गावात, घोड्यांचे खोगीर-लगाम बनवणाऱ्या वडिलांच्या कामाच्या खोलीत खेळताना तीन वर्षांच्या लुईच्या डोळ्यात आरी घुसली. पाच वर्षांचा होईतो तो पूर्ण आंधळा झाला. पण आरी तर एकाच डोळ्याला लागली होती. मग दुसरा कसा गेला?

मला हा प्रश्न पडायला चाळिशी उलटावी लागली. डोळा लाल झाला, उजेड सोसेना. युव्हिआयटिसचं निदान झालं. "जंतू नाहीत, तुमचीच प्रतिकारशक्ती डोळ्यावर उलटली आहे," डॉक्टर म्हणाल्या. त्या रात्री ब्रेल आठवला. त्याच्या दुसऱ्या डोळ्याचं जे झालं त्याला आज सहसा सिम्पथेटिक ऑफ्थॅल्मिया म्हणतात. एका डोळ्याला खोल जखम झाली की आतली प्रथिनं टी पेशींसमोर उघडी पडतात. त्या पेशी त्यांना परकं समजून चवताळतात आणि तीच प्रथिनं असलेल्या दुसऱ्या, धडधाकट डोळ्यावरही तुटून पडतात.

1948 साली पीटर मेडावर यांनी सशाच्या डोळ्यात दुसऱ्या सशाच्या त्वचेचा तुकडा ठेवला. रक्तवाहिन्या त्यात शिरल्या नाहीत तोवर तो टिकला. त्यावरून वाटलं, डोळा सुरक्षित आहे कारण प्रतिकारशक्तीला त्याचा पत्ताच नाही. हे उत्तर अर्धंच होतं. पत्ता असूनही हात आवरणारं कोणी आहे का, हा प्रश्न राहिलाच.

1970च्या सुमारास रिचर्ड गर्शन यांनी 'दमनकारी' टी पेशींची कल्पना मांडली. तिच्यावर ढीगभर संशोधन झालं. पण ऐंशीच्या दशकात तिचा मुख्य जनुकीय आधारच जागेवर सापडला नाही आणि कल्पना बदनाम झाली. न्हाणीच्या पाण्याबरोबर बाळही फेकलं गेलं, असं म्हणावंसं वाटतं. पण एका माणसाने ते उचलून घेतलं.

शिमोन साकागुची एका जुन्या जपानी प्रयोगाला चिकटून राहिले. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी उंदराची थायमस ग्रंथी काढली, तर त्याचं शरीर स्वतःच्याच अवयवांवर उलटतं. निरोगी उंदराच्या टी पेशी टोचल्या, तर हे टळतं. 1995 साली त्यांनी या आवर घालणाऱ्या पेशींची खूण दाखवली: पृष्ठभागावरचं सीडी25 हे प्रथिन. 2001 साली मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांना फॉक्सपी3 जनुक सापडला. तो बिघडला की हा लगाम सुटतो. तिघांना 2025चं नोबेल मिळालं. दरम्यान डोळ्याचंही कोडं सुटत गेलं. दृष्टिपटलाचं प्रथिन टोचून उंदरांत युव्हिआयटिस घडवता येतो, आणि या नियामक पेशी काढून घेतल्या की तो बळावतो.

मला मिळाले ते स्टेरॉइडचे थेंब. ते प्रतिकारशक्तीला सरसकट दाबतात, राखणदार नेमके निवडून त्यांना बळ देत नाहीत. वर मोतीबिंदूची आणि डोळ्यातला दाब वाढण्याची टांगती तलवार. फक्त राखणदारांना बळ देणारे उपचार अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहेत.

लाली उतरली आहे. तरी रोज सकाळी मी एक डोळा झाकून कॅलेंडर वाचतो. मग दुसरा.