तृणमणी

तृणमणी किंवा अंबर हा प्राचीन वृक्षांच्या राळेचे जीवाश्मीभवन होऊन बनलेला कार्बनी पदार्थ होय. घासल्यावर तो गवताच्या काड्या ओढून घेतो, यावरून त्यास तृणमणी हे नाव पडले. त्याची गणना रत्नांत होत असली, तरी त्याला निश्चित स्फटिकरचना नसल्याने काटेकोर अर्थाने तो खनिज नव्हे. देवमाशापासून मिळणाऱ्या, अंबर याच नावाच्या सुगंधी द्रव्याशी त्याचा संबंध नाही. तृणमण्याच्या रासायनिक संघटनावरून तो कोणत्या वनस्पतिगटाच्या राळेपासून बनला, याचा माग काढता येतो.

राळ आणि डिंक

झाडातून पाझरणारा प्रत्येक चिकट स्राव तृणमणी बनू शकत नाही. बाभूळ, धावडा यांचा डिंक बहुशर्करांचा बनलेला असतो. तो पाण्यात विरघळतो किंवा फुगतो आणि सूक्ष्मजीव त्याचे सहज विघटन करतात. राळ मुख्यतः टर्पिन गटातील संयुगांची असून ती पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे ती गाळाखाली दीर्घकाळ टिकू शकते. विदर्भाच्या पानझडी जंगलांतील सालईच्या स्रावात डिंक व राळ हे दोन्ही घटक असतात.

रासायनिक संघटन

ताज्या राळेतील बाष्पनशील टर्पिने उडून जातात आणि उरलेल्या रेणूंचे बहुवारिकीभवन होऊन ती कठीण होत जाते. या प्रक्रियेतील अपक्व अवस्थेस कोपल म्हणतात. अल्कोहोल किंवा ॲसिटोन लावल्यास कोपलचा पृष्ठभाग चिकट होतो. बाल्टिक तृणमण्यात सुमारे ७९ टक्के कार्बन आणि हायड्रोजन व ऑक्सिजन प्रत्येकी सुमारे १०.५ टक्के असतात. त्यात ३ ते ८ टक्के सक्सिनिक अम्लही आढळते. तृणमण्याची कठिनता साधारणतः २ ते २.५ व सापेक्ष घनता १.०५ ते १.१० असते, त्यामुळे तो मिठाच्या संपृक्त द्रावणावर तरंगतो.

वर्गीकरण व वानस्पतिक उगम

के. बी. अँडरसन व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये जीवाश्म राळांचे रासायनिक वर्ग निश्चित केले.

पहिला वर्ग: लॅब्डेन गटातील डायटर्पिनांची बहुवारिके. बाल्टिक तृणमणी, तसेच हायमेनिया या शिंबावंत वृक्षापासून झालेले डोमिनिकन व मेक्सिकन तृणमणी यात मोडतात.
दुसरा वर्ग: कॅडिनिनाची बहुवारिके. ही मुख्यतः शाल कुलातील (डिप्टेरोकार्पेसी) वृक्षांच्या राळेपासून बनतात.
तिसरा वर्ग: नैसर्गिक पॉलिस्टायरीन.
चौथा व पाचवा वर्ग: बहुवारिके नसलेल्या राळा. पाचव्या वर्गातील राळा पाइन कुलाशी संबंधित आहेत.

रासायनिक पुरावा एकटा मात्र पुरेसा ठरत नाही. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात सापडलेल्या सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वीच्या तृणमण्याची रचना सपुष्प वृक्षांच्या राळेसारखी आहे. परंतु त्या काळी सपुष्प वनस्पती अस्तित्वात असल्याचा पुरावा नाही. म्हणून रासायनिक विश्लेषणास लाकूड, पाने व परागकण यांच्या जीवाश्मांची जोड द्यावी लागते.

भारतातील तृणमणी

गुजरातेत सुरत जिल्ह्यातील वस्तान येथील लिग्नाइट खाणीत सुमारे ५ ते ५.२ कोटी वर्षांपूर्वीचा तृणमणी सापडतो. तो खंबायत तृणमणी म्हणून ओळखला जातो आणि दुसऱ्या वर्गात मोडतो. त्याचा अभ्यास येस रुस्ट, राजेंद्रसिंह राणा, डेव्हिड ग्रिमाल्डी व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केला. त्यावरून शाल कुलातील वृक्षांची वने भारतात पूर्वीच्या अंदाजाहून बरीच आधी होती, असे दिसून आले. त्यातील कीटकांचे नाते इतर खंडांतील कीटकांशी जुळते. त्यामुळे आशियाला भिडण्यापूर्वी भारतीय भूखंड दीर्घकाळ पूर्णपणे एकाकी होता, या मताचाही पुनर्विचार करावा लागला.

वर्धा जिल्ह्यातील वनस्पती-जीवाश्म

जीवाश्मीभवनाचा वेगळा प्रकार वर्धा जिल्ह्यात पाहावयास मिळतो. येथील नवरगाव परिसरातील जीवाश्म दख्खनच्या लाव्हाथरांमधील गाळाच्या खडकांत सापडतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास लाव्हाच्या दोन प्रवाहांमधील काळात तळ्यांत गाळ साचला. त्यात अडकलेल्या लाकडात सिलिका झिरपून पेशींची रचना दगडात टिकून राहिली. अशा जीवाश्मात मूळ आकार टिकतो. मूळ सेंद्रिय द्रव्य मात्र बहुतांशी नष्ट होते. तृणमण्यात याउलट वृक्षाचा आकार शिल्लक राहत नाही, पण त्याच्या राळेचे द्रव्य बदललेल्या रूपात टिकते. त्यामुळे नवरगावच्या लाकडाची ओळख सूक्ष्मदर्शकाखाली पेशीरचनेवरून, तर तृणमण्याची ओळख अवरक्त वर्णपट व तत्सम रासायनिक चाचण्यांवरून केली जाते.

केवळ बाह्य आकार फसवा ठरू शकतो. समुद्रपूर तालुक्यातील गिरड येथे शेख फरीद यांच्या दर्ग्याच्या टेकडीवर फळांसारखे दिसणारे गोटे आढळतात. संताची थट्टा करणाऱ्या दोन फिरत्या व्यापाऱ्यांचा माल शापाने दगड झाला, अशी आख्यायिका आहे. ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये मात्र या गोट्यांची नोंद झिओलाइटी संधिते अशी आहे. झिओलाइट हे बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार होणारे खनिज असून त्याचा उगम वानस्पतिक नाही.